माघातली कानबाई

दोन हजार एकोणीस सालचा माघ होता. माझा मुलगा जितेंद्र धुळ्याला नोकरीला लागला होता. सून मेघा आणि चार वर्षांची दुर्वा भडगावला माझ्याजवळ होत्या. दुर्वा मोबाइल समोर धरल्याशिवाय घास गिळत नसे. मी मेघाला सांगून टाकलं, "आजपासून बंद. रडली तर रडू दे, मी आहे." पोर रडली, उपाशी झोपली, माझ्या हाताला चावलीसुद्धा. मी हटले नाही. हळूहळू ती सुपाची बस करून खोटंखोटं चाळीसगावला जाऊ लागली आणि तिकीट फाडताना माझ्या हातून जेवू लागली.

एका दुपारी तिनं स्वयंपाकघरातला नारळ उचलला. त्याला मण्यांची नथ लावली, माझा खण नेसवला, पाटावर बसवला आणि ओरडली, "आजी, कानबाई बठनी!" कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली देवी; श्रावणात ती नारळाच्या रूपात घरोघरी बसते.

नेमकी तेव्हाच माझी जाऊ कुंदाबाई ताक मागायला आली. तिनं दारातच कपाळाला हात लावला.

"अक्का, कानबाई काय खेळनं शे? श्रावण कुठे, माघ कुठे!"

मेघा घाबरून नारळ उचलायला धावली. कुंदाबाई आणखीच ओरडली, "हात लावू नको! बठेल देवीले अशी उठाडतस का?"

आता ठेवताही येईना, उचलताही येईना. दुर्वा पलंगाखाली शिरली. "मला नाही खेळायचं. मोबाइल द्या."

मेघा कपाटाकडे वळली. मी तिचा हात धरला. एवढ्या दिवसांची मेहनत मी अशी पाण्यात जाऊ देणार नव्हते.

पलंगाजवळ बसून मी म्हणाले, "दुर्वाबाई, तुमची कानबाई उपाशी आहे. रोट लाटले का?"

मग आतून आवाज आला, "पीठ कुठंय?"

"हे काय, परातभर!" मी रिकामी परात पुढे सरकवली.

ती बाहेर आली. पुरण भरून रोट लाटले, नैवेद्य दाखवला, मला आणि मेघाला वाढले. कुंदाबाईसमोर मात्र हात मागे घेतला. "तुले नही. रोट फक्त घरच्यांना."

कानबाईचा रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा, हे पोरीनं श्रावणात बरोबर टिपलेलं.

"मी घरनी नही?" कुंदाबाई तांबडीलाल झाली. "तुना बाप रांगत होता तेव्हापासून रोट लाटस मी या घरात! दे माले."

"आधी पाया पड कानबाईच्या."

कुंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहत राहिले. ती वाकली, नारळाच्या पाया पडली आणि हवेतला रोट चावून खाल्ला.

"मीठ जास्त पडनं," ती म्हणाली.

मग विसर्जन करणं आलंच. दुर्वानं पाट डोक्यावर घेतला, मेघानं ताट वाजवलं आणि अंगणातल्या हौदापर्यंत कुंदाबाई सगळ्यांत पुढे नाचली. संध्याकाळी दुर्वा वरणभात जेवली. मोबाइल कुणी मागितला नाही.

जितेंद्रची पुढे जळगावला बदली झाली. मेघा तिथं शिवणकाम करते. नंतर झालेल्या धाकट्या मुलाला तिनं जेवताना मोबाइल कधी दिलाच नाही. कुंदाबाई गेल्याला दोन वर्षं झाली. दुर्वा पाचवीत आहे, कबड्डी खेळते. ती दुपार तिला आठवत नाही. मी अठ्ठ्याहत्तरची. परवा शेजारच्या जुळ्या पोरांनी खेळात मला केळीच्या ट्रकची ड्रायव्हर केलं. कंबर धरली, पण गाडी मी दिल्लीला पोचवली.