बोटभर फट

"आता तिसरा लावा," डोळे न उघडता ते म्हणाले.

दुकानदाराने तिसरा एक्झॉस्ट फॅन काउंटरवर उभा धरला आणि बटण दाबलं. समोरच्या गृहस्थांनी लगेच उजव्या हाताची तर्जनी वर केली.

"काय झालं काका?"

"ऐकू आला. नापास."

"पंखाच आहे काका. थोडा तरी ऐकू येणारच. खोक्यावर लिहिलंय बघा, पंचवीस डेसिबल."

"किती अंतरावरून?"

दुकानदार पंचवीस वर्षं पंखे विकत होता. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने खोकं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. खोक्यालाही कुणी विचारला नसावा.

"रस्त्याचा आवाज फार येतोय," गृहस्थ म्हणाले. "शटर जरा खाली ओढता?"

ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकानदाराने शटर खाली ओढलं. का ओढलं, हे त्याला पुढे बायकोलाही नीट सांगता आलं नाही. अंधाऱ्या दुकानात दोन प्रौढ पुरुष एका पंख्यापुढे श्वास रोखून उभे राहिले. चौथा लागला. बोट खालीच. दुकानदाराने पाती फिरतात का ते वाकून पाहिलं. फिरत होती.

"हा द्या," गृहस्थ म्हणाले.

या गृहस्थांना सगळे बोटवाले म्हणत. सरकारी इस्पितळाच्या कान-नाक-घसा विभागात त्यांनी एकतीस वर्षं लोकांचे कान तपासले होते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक शिट्ट्या सोडायच्या आणि सांगायचं, "ऐकू आलं की बोट वर करा." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारलं होतं की निरोपाच्या समारंभात अध्यक्ष भाषणाला उठले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी तेच ओरडलं आणि सभागृहातली सगळी बोटं वर गेली. अध्यक्षांना वाटलं, आपल्याला पाठिंबा आहे.

या धंद्यात माणसाची एक खोड त्यांना पक्की कळली होती. ज्याला ऐकू येत नाही, तो बोट हमखास वर करतो. म्हातारे मुलाच्या धाकाने करत, नोकरीवाले नोकरीच्या भीतीने करत, काही नुसते समोरच्याला बरं वाटावं म्हणून करत. उलटा माणूस, म्हणजे ऐकू येत असून बोट खाली ठेवणारा, एकतीस वर्षांत त्यांना एकही भेटला नव्हता.

आणि अशा माणसाला स्वतःची बायको पडलेली ऐकू आली नाही.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. बाई, म्हणजे त्यांची पत्नी (प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे अर्धं गाव त्यांना बाईच म्हणे), आंघोळीला गेल्या आणि चक्कर येऊन न्हाणीघरात पडल्या. बोटवाले बाहेर टेबलाशी पेपर वाचत होते. मधे आठ पावलं आणि एक दार. बाईंनी चार हाका मारल्या. पाचवी मारायचं त्राण उरलं नाही म्हणून भिंतीला टेकून तशाच बसल्या आणि वीस मिनिटांनी धरत-धरत स्वतःच बाहेर आल्या. तोवर बोटवाल्यांचं शब्दकोडं सुटत आलं होतं.

"कडी लावू नका आणि कुणीतरी हाकेच्या अंतरावर राहा," डॉक्टर म्हणाले.

"हाकेच्या अंतरावरच होते ते," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

दोष मामांचा होता. मामा म्हणजे न्हाणीघरातला जुना पंखा. लोखंडी, सव्वीस वर्षांचा. सुरू होताना आधी दोनदा खाकरायचा, मग घसा साफ करायचा आणि मग दळण दळल्यासारखी घरघर चालू. लेक सहा वर्षांची असताना एकदा त्याच्याखाली उभी राहून म्हणाली होती, "आई, हा अगदी मामासारखा खोकतो." बाईंचे थोरले बंधू त्या वेळी बाहेर चहा पीत बसले होते. पुढची दोन वर्षं ते आले नाहीत. पंख्याचं नाव मात्र राहिलं. लेक मोठी झाली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली, सुट्टीला घरी यायची. आल्याआल्या पिशवी टाकून आधी न्हाणीघराचं बटण दाबायची. "मामा, तब्येत बरी ना?" आईबापांची चौकशी त्यानंतर.

लेकीला जाऊन अकरा महिने झाले होते. आजारपण जेमतेम तीन आठवड्यांचं. ती गेली त्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती आणि प्रत्येक जण हे दोघं कधी रडतात याची वाट पाहत होता. बाईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. स्वयंपाकघरात साखरेचा डबा उघडता उघडता त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "तुम्ही धीर सोडू नका. तुम्ही सोडलात तर मी उभी राहायची नाही."

बोटवाल्यांनी सोडला नाही. बाईंनीही नाही. एकाच्या आधाराने दुसरा, असे दोघं अकरा महिने उभे होते. कोण कुणाला धरून आहे हे पाहायला जरासुद्धा हललं तर दोघंही पडतील, हे दोघांना ठाऊक होतं.

नवा पंखा घरी आला तेव्हा बाईंनी खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मामांना काय झालंय?"

"अगं, तू चार हाका मारल्यास आणि मला एक ऐकू आली नाही."

"पाचवी मोठ्याने मारीन."

"मारण्याइतकी शुद्ध राहिली तर ना."

यावर बाई गप्प झाल्या. वर्गात मुलाचं उत्तर बरोबर आलं पण आवडलं नाही, की त्या अशाच गप्प होत.

वायरमन सकाळी आला. मोठा गुणी माणूस. फक्त बोलत काम करायचा, आणि बोलणं थांबलं की कामही थांबायचं. त्याने मामांना भिंतीतून उतरवलं, भोक साफ केलं, नव्याच्या चौकटीला मागून रबराच्या चकत्या लावल्या. "भिंतीला थेट लावला ना काका, की भिंतच वाजते. लोक पंख्याला शिव्या घालतात." मग त्याने न्हाणीघराचं दार मिटून खाली वाकून पाहिलं. "हे दार तर फरशीला घासतंय. आत हवा येणार कुठून? हवा आली तर बाहेर जाईल. नाहीतर हासुद्धा रडायला लागेल बघा."

त्याने दार बिजागरीतून काढलं, आडवं घातलं आणि करवतीने खालून बोटभर कापलं.

"कुणाच्या बोटाएवढं?" बोटवाल्यांनी विचारलं.

"तुमच्याच. मापाला दुसरं कोण आहे इथे?"

पंखा लागला. वायरमनने कागदाचा कपटा जाळीजवळ नेला. कपटा जाळीला चिकटून बसला. आवाज नाही. तिघं वर बघत उभे होते.

"चालू आहे?" बाईंनी विचारलं.

"चालू आहे," बोटवाले म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"हा जुना भंगारात देऊन टाकू?" वायरमनने विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. त्यांनी मामांना दोन्ही हातांनी उचललं, गॅलरीत नेऊन ओल्या फडक्याने एकेक पातं पुसलं आणि जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आंघोळीला गेल्या. बोटवाले पेपर घेऊन टेबलाशी बसले. आत बादली सरकली, ऐकू आली. तांब्या बुडाला, ऐकू आला. साबणाची डबी उघडली, तीसुद्धा. एकतीस वर्षांच्या अनुभवाचं अखेर घरच्या कामी चीज झालं, असं त्यांच्या मनात आलं न आलं तोच त्यांना आणखी एक आवाज ऐकू आला.

सवयीप्रमाणे त्यांनी आधी त्याची प्रत ठरवली. खालच्या पट्टीतला. तुटक. दोन तुकड्यांमध्ये साधारण चार सेकंदांचं अंतर. तोंडावर कापड दाबलं की वरच्या पट्ट्या अडतात, तसा.

मग तो कशाचा आहे ते त्यांना कळलं.

ते दारापाशी पोचले तेव्हा पेपर अजून हातातच होता. "अगं, काय झालं?"

आतला आवाज सुरीने कापल्यासारखा थांबला. पंखासुद्धा इतका गुणी, की मधे तोंड घालेना.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "डोळ्यांत साबण गेला."

बोटवाले येऊन खुर्चीत बसले. मामा सव्वीस वर्षं खोकत होते. त्यांतले शेवटचे अकरा महिने ते कुणासाठी खोकत होते, हे त्यांना आत्ता कळत होतं. बाईंना आंघोळीला अर्धा तास लागतो, यावरून त्यांनी कितीदा चेष्टा केली होती. "आत धडा घेतेस की काय?" आणि बाईही म्हणत, "हो, मुलं ढ आहेत."

त्या दिवसापासून बाईंची आंघोळ तीन मिनिटांत होऊ लागली. पंख्याखाली त्या तोंडावर पाणी घेत, बाहेर येत आणि कोरड्या डोळ्यांनी भाजी चिरायला बसत. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता हात तसाच राहिला. चौथ्या दिवशी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि लगेच उतरल्या. "तळमजल्याच्या वहिनी होत्या वर," एवढंच म्हणाल्या. पाचव्या दिवशी दुपारी त्या कपाटाचं दार उघडून, त्याच्याआड, कपड्यांकडे तोंड करून नुसत्या उभ्या होत्या. बोटवाले खोलीत आले तसं त्यांनी एक टॉवेल काढला, त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

दोन खोल्यांचं घर. भांडायला पुरे, हसायला पुरे, आजारी पडायलाही पुरे. पण त्यात बाईंना एकटीला बसायला एकच जागा होती, आणि ती बोटवाल्यांनी मोठ्या हौसेने काढून टाकली होती.

मीही रडतो, असं जाऊन सांगावं, हा विचार त्यांच्या मनात आला. ते दारापर्यंत गेलेही. पण साखरेचा डबा आठवला. ते परत फिरले आणि वायरमनला फोन केला.

"काका, लोक मला आवाज घालवायला बोलावतात," वायरमन म्हणाला. "तुम्ही आणायला बोलावताय."

"हा फारच शांत आहे."

"शांत म्हणूनच घेतलात ना? शटर पाडून. दुकानदार सगळ्या बाजाराला सांगत सुटलाय."

"चालू आहे की बंद, कळत नाही. काल रात्रभर चालूच राहिला."

हे खोटं होतं. पण वायरमनला बोलायला विषय मिळाला आणि काम सुरू झालं. मामा पलंगाखालून निघाले, चादरीतून बाहेर आले आणि आपल्या जुन्या भोकात जाऊन बसले. बटण दाबलं. दोनदा खाकरले, घसा साफ केला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

"रबराच्या चकत्या ठेवू का यालाही? जरा कमी वाजेल."

"काढ त्या."

"आणि दाराखालची फट? पट्टी मारून बुजवून देतो. याला काही हवा लागत नाही, हा हट्टाने चालतो."

बोटवाल्यांनी क्षणभर त्या फटीकडे पाहिलं.

"ती राहू दे," ते म्हणाले.

वायरमन गेल्यावर बाई पदराला हात पुसत दारात आल्या. वर बघत म्हणाल्या, "का हो बदलला?"

"विजेचा अपव्यय. कळतच नाही चालू आहे ते."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकलेली बाई. पण त्यांनी याही खेपेला कारण लिहून घेतल्यासारखी मान हलवली.

"आणि मी पडले तर?"

"खुर्ची इथे आणतो. दाराशी."

बाईंनी दार एकदा पुढे-मागे लोटून पाहिलं. मग म्हणाल्या, "कडी नाही लावायची मी. नुसतं लोटून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार लोटलं गेलं. मामा खाकरले. बोटवाले दाराला लागून खुर्ची टाकून बसले, गुडघ्यांवर पेपर उघडला. घरघरीखाली दुसऱ्या कुणाला काही ऐकू आलं नसतं. पण गोंगाटाखाली दडलेला आवाज शोधणं हीच तर त्यांची नोकरी होती, आणि दाराखालची फट त्यांच्याच मापाची होती. तांब्या बुडाला. साबणाची डबी. मग बराच वेळ नुसते मामा.

मग तो आवाज आला. तुटक. खालच्या पट्टीतला.

पेपरच्या कडेवरचं त्यांचं बोट आपसूक वर झालं. खाली आलं. चार सेकंदांनी पुन्हा वर झालं. बोटवाले मान खाली घालून बसले होते. पेपरवर एक थेंब पडला, मग दुसरा, अक्षरं फुगली. त्यांनी नाकसुद्धा ओढलं नाही. बोट मात्र वर-खाली, वर-खाली होत राहिलं.

अर्ध्या तासाने मामा थांबले. बाई बाहेर आल्या. केस ओले, डोळे लाल, पण चेहरा पुष्कळ दिवसांनी त्यांचा स्वतःचा.

"फार खोकतात हो मामा हल्ली," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही ऐकू तरी येतं का?"

"काही नाही," बोटवाले म्हणाले, आणि वर राहून गेलेल्या बोटाने त्यांनी पेपरचं ओलं पान उलटलं.