लाभ, एक, दोन

मित्रांनो, मी सफाळ्याच्या एका दुकानातली जुनी पितळी पायली, धान्य मापायचं भांडं. तांबटाने मला ठोकून घडवलं, तेव्हा तो ठणठणाट ऐकून तारापूरचे मासे खोल समुद्रात पळाले. खरंच सांगते!

माझी मालकीण सोजराबाई, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली. शुक्रवारी दिवा लावण्याआधी ती मला चिंचेने घासायची आणि शेजारच्या मुलांना गोष्ट सांगायची. वाळवंटात देवाने आभाळातून मान्ना नावाचं अन्न पाडलं. रोज पोटापुरतंच घ्या, म्हणाला. ज्यांनी हावेने साठवलं, त्यांच्या मान्नाला सकाळी किडे पडले.

पुढे सोजराबाई थकली. ती नुसती ओट्यावर बसे आणि दुकान तिचा नोकर धर्माजी चालवी. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन. विकताना धर्माजी असंच मोजायचा. पण डोंगरावरची जिवली तांदूळ देऊन तेल-मीठ न्यायला आली, की म्हणायचा, “लाभ... एक... दोन...” एक पायली फुकट!

“घरनं सहा मोजून आनलं. हितं पाच कसं?”

“डोंगर उतरताना तांदूळ खाली बसतो, जिवले.”

“मंग मी पन बसते. पुन्ना मोज.”

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा पाच. जिवली कमी तेल घेऊन गेली आणि तिच्या मुलांनी महिनाअखेर कोरडं खाल्लं. मी काय करणार? मापाला तोंड असतं, जीभ नसते.

असे अकरा फेरे झाले. बाराव्या वेळी जिवली दारात असतानाच धर्माजीने तांदळाची कणगी उघडली आणि तो मागे सरला. आत अळ्या वळवळत होत्या. सगळीकडे नाही, मधोमध तेवढ्या. शेजारचा दाणा अगदी स्वच्छ! किडका तांदूळ तो माझ्यात भरून बाहेर काढू लागला. काठोकाठ अकरा पायल्या. बाराव्यांदा हात घातला, तर एक अळी नाही. मी पितळेची, तरी अंगावर काटा आला.

“धर्माजी,” सोजराबाई हळूच म्हणाली, “वरच्याचं माप चुकत नाही रे.”

धर्माजीने चांगल्या तांदळाच्या अकरा पायल्या जिवलीच्या टोपलीत ओतल्या.

“त्या अळ्या पन दे,” जिवली म्हणाली. “माज्या कोंबड्यांनी काय पाप केलंय?”

आता दुकानात वजनकाटा आहे. माझ्यात रबरबँड ठेवतात. मित्रांनो, मला घासलं नाही तरी चालेल. पण कधी कुणाचं धान्य मापलंत, तर मला उलटी करून तळावर एक थाप मारा. आत चिकटलेला दाणाही ज्याचा त्याच्याच झोळीत पडू द्या.