महाराजांची दाढी

दाढी स्वच्छ आहे, हे सिस्टरने केव्हाच मान्य केलं होतं. प्रश्न स्वच्छतेचा नव्हताच. मास्कची कड कातडीला घट्ट चिकटायला हवी; मध्ये केस आले की फटीतून हवा आत शिरते आणि हवेबरोबर क्षयाचे जंतू. हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. त्यात समोरचा माणूस धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे धड ओरडायचीही सोय नाही.

तो फुप्फुसांच्या दुर्बिणीच्या खोलीत तंत्रज्ञ होता. दुर्बीण आत गेली की रुग्ण खोकणार आणि हा त्याच्या तोंडापाशी उभा. घरी तान्हं बाळ. छातीवर रुळणाऱ्या दाढीमुळे सगळं रुग्णालय त्याला महाराज म्हणे आणि त्यालाही ते आवडे. डॉक्टरांच्या मोबाइलपेक्षा माझी दाढी स्वच्छ, हे त्याचं पालुपद.

आज मास्कची चाचणी होती. डोक्यावर पारदर्शक टोप आणि त्यात कडू औषधाचा फवारा. मास्क नीट बसला असेल तर चव लागत नाही. त्याआधी एकदा मास्कशिवाय फवारतात, माणसाला चव कळते ना हे पाहायला. बाकीचे सगळे तोंडं वाकडी करून पास झाले होते.

तिने महाराजांच्या डोक्यावर टोप ठेवून फवारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कडू लागतंय का?"

"छे. काहीच नाही. सांगत नव्हतो, ताई?"

"भावोजी, मास्क अजून माझ्या हातात आहे."

दाराशी उभ्या नर्सने तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं. महाराजांनी डोक्यावरचा टोप सरळ केला. मग म्हणे, काही लोकांना कडू चव जन्मतःच कळत नाही. ते खरं होतं, हीच तर पंचाईत. तिने निमूटपणे गोड औषधाची बाटली काढली. मास्कशिवाय गोड लागतं, हे या खेपेला त्याने तत्परतेने कबूल केलं. मग मास्क चढवला. दोन्ही बाजूंनी केस बाहेर आलेले. तिने फवारलं. गोळी चघळावी तसा त्याचा जबडा हलला.

"नाही लागत."

तिने बाटली खाली ठेवली. एवढं सगळं शास्त्र शेवटी या माणसाच्या जिभेवर येऊन टेकलं होतं.

"माझ्याकडे दुसरं यंत्र नाही. तुम्ही म्हणाल ते मी मानणार आणि उद्या तुम्हाला त्या खोलीत सोडणार. घरी बाळाला मांडीवर घ्याल तेव्हा मी तिथे नसेन."

त्याने छातीवरच्या दाढीवरून एकदा हात फिरवला.

"गोड लागतंय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मिशी तरी?"

"मिशी मास्कच्या आत मावते. ठेवा."

दुसऱ्या दिवशी तो गुळगुळीत हनुवटीने हजर झाला. वस्तऱ्याची सवय सुटलेली, त्यामुळे जबड्यावर कापलं होतं आणि त्यावर कापसाचा बोळा ठेवून त्याने जाडजूड पट्टी चिकटवली होती. नेमकी मास्कची कड बसते तिथे. सिस्टरने कपाळावर हात मारला आणि त्याला मास्क आणि टोप घातला. कडू औषधाची बाटली त्यानेच पुढे सरकवली. तिने फवारलं.

"कडू, ताई," ती विचारण्याआधीच तो म्हणाला. "चांगलंच कडू."

तिने टोप काढला, जखम भरेपर्यंत महाराज येणार नाहीत असं दुर्बिणीच्या खोलीत फोन करून कळवलं आणि दाढी काढल्यावरही का येणार नाहीत, हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्यापासून समजावत बसली.