पडदा सोडून काहीही

जुरैदने कॉफीचा इवलासा कप हातात घेतला, वास घेतला आणि न पिताच गालिच्यावर ठेवून दिला.

पडद्याआड तरफाच्या हातातली लोकर कातायची चाती थांबली. पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय, आणि घरधनी ‘दिलं’ म्हणेपर्यंत तो कॉफीला ओठ लावणार नाही. मुलीला मागणी घालणारे असेच बसतात. पण तरफाला मुलगी नव्हती. मागण्यासारखं होतं काय तंबूत? कॉफीची पितळी सुरई, तीही पोचे आलेली. एक उंटीण, तीही स्वभावाने तशीच. आणि हा पडदा, पुरुषांची बैठक आणि बायकांची बाजू वेगळी करणारा. लोकर तिनेच कातलेली, तिनेच रंगवलेली. लग्नाच्या वर्षी मागावर चढवला, उतरवला तेव्हा थोरल्या हमदला मिसरूड फुटलं होतं.

“दिलं, जुरैदकाका!” तिचा नवरा मिशआन थाटात म्हणाला. “प्या कॉफी.”

ऐकण्याआधीच दिलं! तरफाने कपाळावर हात मारला. दातृत्वात मिशआनचा हात धरणारं त्या वाळवंटात कोणी नव्हतं.

“काय दिलंस?” जुरैदने विचारलं.

“तुम्ही मागाल ते.”

“तेच तर आठवत नाही रे,” म्हातारा कळवळला. “काल दुपारी स्वप्न पडलं. मी इथेच बसलोय, कप ठेवलाय, काहीतरी मागितलंय. तू दिलंस. मी इतका खूश की घरी जाताना वाटेतल्या कुत्र्याला सलाम केला. जाग आली तर आनंद शिल्लक, वस्तू गायब.”

मिशआन गंभीर झाला. शब्द तर देऊन बसला होता. “उंटीण होती का?”

“छे. स्वप्नात कोणी चावलं नाही.”

“ही सुरई?”

“तू तिच्यातूनच ओतत होतास.” जुरैदची नजर तंबूभर फिरली आणि पडद्यावर येऊन बसली. “लाल होतं काहीतरी. लाल आणि काळं...”

तरफाने पडद्याच्या लाल-काळ्या पट्ट्यांकडे पाहिलं. नवरा शब्द मोडणार नाही. ऊन उतरायच्या आत पडदा घडी होऊन म्हाताऱ्याच्या उंटावर चढेल.

“काका,” ती आडून म्हणाली, “वस्तू स्वप्नात राहिली तर इथे शोधून कशी सापडेल? जिथे हरवली तिथे जा. आडवे व्हा.”

हे सगळ्यांना पटलं. मिशआनने उशी दिली. उंटिणीला गप्प बसायला सांगितलं. तिने तूर्तास मान्य केलं. जुरैद घोरू लागला. वारा आला, पडदा फुगला, बसला, पुन्हा फुगला. लाल पट्टे वाळूसारखे सरकू लागले. बघता बघता तरफाचाही डोळा लागला.

तंबू तोच होता, पण पडदा क्षितिजापर्यंत पसरलेला, आणि त्याच्या काळ्या पट्ट्यांवर मेंढ्या निवांत चरत होत्या. जुरैद समोर कप ठेवून बसला होता. “दिलं,” मिशआन कुठूनतरी दुरून म्हणाला. जुरैदने पडद्याकडे बोट केलं. जागेपणी जे तिने कधीच केलं नसतं ते तरफाने केलं. पडदा सारून ती थेट पाहुण्यासमोर आली.

“पडदा सोडून काहीही मागा.”

“पण मी तर त्यासाठीच...”

“हा नेलात तर मी बसू कुठे, काका? तुमच्या घरी?”

म्हातारा विचारात पडला. मेंढ्याही पडल्या.

जुरैद दचकून उठला. “मिशआन, तुझी बायको समोर आली होती!”

“कधी?”

“आत्ता. झोपेत. काय झापलंय मला!”

मिशआन पडद्याकडे वळला. “हमदची आई, पाहुण्याच्या स्वप्नात गेली होतीस?”

“मग काय करणार? तुम्ही अडवलं असतंत का?”

मिशआनने विषय बदलला. “मग मागितलंत तरी काय, काका?”

“घाबरून सुचलं ते. आणखी एक कप.”

“त्यासाठी आधीचा संपवावा लागतो.”

“हेही तीच म्हणाली,” म्हणत जुरैदने गार कॉफी एका घोटात संपवली आणि कप पुढे केला. मिशआनने ओतली. शब्द पाळला गेला.

निघताना जुरैद पडद्यापाशी घुटमळला. “पोरी, नुसता बघायला येत जाऊ का अधूनमधून?”

“या की, काका,” तरफा म्हणाली. “पण जागे असाल तेव्हा.”