उजवी पाकळी

तनयाने चाचणीच्या बंदिस्त खोलीचे जाड दार बाहेरून लावले आणि काचेपलीकडे पाहिले. म्हापशाच्या या दवाखान्यात ती रोज अनोळखी माणसांचे कान तपासत असे. आज आत वडील, जयराम, हेडफोन लावून आणि हातात बटण धरून ताठ बसले होते. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच काम.

जयरामांचा उजवा कान लहानपणीच वाहून निकामी झाला होता. धारगळला हमरस्त्यावरच्या त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात माणसे खिळ्यांपेक्षा गप्पांसाठी जास्त येत, आणि हा सारा संसार डाव्या कानावर चालला होता. एका सकाळी ते उठले तेव्हा तोही गेलेला होता.

तनयाने त्याच दिवशी घरात समजावून सांगितले. आवाजाने पडदा हलतो, त्यामागची तीन इवली हाडे ती हालचाल आत पोचवतात, आतल्या शंखातला द्रव हिंदकळतो, आणि त्यात उभ्या असलेल्या केसाळ पेशी झुकल्या की विजेचा संदेश नसेतून मेंदूकडे जातो. या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेल्या की नव्या उगवत नाहीत. नुकत्याच दुखावल्या असतील तर स्टेरॉइडने काही वेळा सावरतात. मात्र उशीर करून चालत नाही.

"देवाक इचारल्याबिगर कानात सुई?" आई, सुमंगला, म्हणाली.

"सुई नको, गोळ्यांनी सुरुवात करू."

"गोळये झाले तरी आधी परसाद."

प्रसाद म्हणजे ग्रामदेवतेच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्याच आठवड्यात भावकीत मूल जन्मले आणि घराला सोयर लागले. सोयर फिटेपर्यंत देवळाची पायरी चढता येईना, देवाला विचारता येईना, आणि विचारल्यावाचून औषध घेता येईना. तनयाने पाटीवर लिहून वडिलांची विनवणी केली. त्यांनी ती वाचली आणि अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देव खंय पळान जाता? तू कानाची डॉक्टर, बाय, देवाची न्हय!" घर हसले. कोण किती हसले ते चेहऱ्यांवरून ताडून तेही हसले.

सोयर फिटले, प्रसाद लावला आणि उजवी पाकळी पडली. देवाची औषधाला हरकत नव्हती.

वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर कान परत आलाच असता, असे तनया कधी म्हणाली नाही. तसे कोणीच सांगू शकत नव्हते. एक संधी होती, ती गेली. एवढेच सांगता येत होते. जयरामांचे हृदय भूल सोसणार नाही म्हणून शस्त्रक्रिया करून कानात यंत्र बसवण्याचा मार्ग तज्ज्ञांनी आधीच बंद केला होता. आता औषधांचा क्रम संपला होता आणि उरली होती ही चाचणी.

तिने सूर दिला. वाढवला. यंत्राच्या कमाल मर्यादेपर्यंत नेला. जयरामांचा अंगठा हलला नाही. तिने खर्ज घेतला, मग बारीक टिपेचा सूर. काहीच नाही. तिने आवाज थांबवला आणि लिहायला पेन उचलले, तोच यंत्रावरचा, बटण दाबले की लागणारा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. जयराम बटण दाबत होते, आणि हसत होते.

मागे उभ्या सुमंगलेने तिचा खांदा धरला. "बघलंस? देव उजवो दिता तो काय उगाच? तुमची मशिनां!"

खात्रीसाठी तनयाने हेडफोनची वायर यंत्रातून काढली. दिवा लागतच राहिला. कानाकडून काहीच येईनासे झाले की मेंदू स्वतःच काहीतरी वाजवू लागतो. हे ती रुग्णांना शांतपणे समजावून सांगत आली होती.

ती आत गेली आणि पाटीवर लिहिले: "मी आवाज दिलाच नव्हता."

जयरामांनी ते दोनदा वाचले. अंगठा बटणावरून सरकला.

"मगे ह्यां कोण वाजयता?" ते ओरडून म्हणाले. दारातून सुमंगला त्यांच्याकडे अजून हसून बघत होती. "अजून वाजता. शिटी कशी. बंद कर, बाय."

तनयाने पाटी पुसली. खडू हातात धरून ती उभी राहिली, आणि ते पाटीकडे बघत वाट पाहू लागले.