चिंगलूचा डबा

दारात गायी बांधलेल्या आणि नातवाच्या तोंडात पावडरीच्या दुधाची बाटली, हे आमच्या घरचं शहाणपण. चीनच्या हपेई प्रांतातल्या आमच्या गावात तेव्हा असंच होतं. गायीचं दूध अडाण्यांनी प्यावं, डबा म्हणजे शास्त्र. नातू तोउतोउ महिन्याचा झाला, तेव्हा जेवायला आलेल्या पाहुण्यांनी चिंगलू कंपनीचे डबे आणले. मी ते शेजारणींना दिसतील असे खिडकीत मांडले. चिंगलूवरच तर आमचं घर चालायचं. माझा नवरा क्वेशंग गावाचं दूध गोळा करून टँकरनं तिकडे पाठवायचा.

मग पोराची लघवी बंद झाली. रडून रडून काळानिळा पडला. जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, तर व्हरांडाभर तसलीच पोरं.

"मूत्रपिंडात खडे आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "डबा कुठला?"

सुनेनं, लीफांगनं, सांगितलं. डॉक्टरीण मान हलवून पुढच्या पोराकडे गेली.

ऐन शरदातल्या पौर्णिमेच्या सणाच्या तोंडावर बातमी फुटली. चिंगलूच्या दुधात प्लास्टिकच्या कारखान्यातलं रसायन सापडलं. एवढी मोठी कंपनी, पण बघता बघता बसली. मालकीण तुरुंगात, फाटकाला कुलूप, कामगार रस्त्यावर. टँकर येईना, म्हणून गावानं दूध मक्याच्या शेतात ओतलं, गायी खाटकाला दिल्या. माझं कशात लक्ष नव्हतं. पोराला एकदा लघवी होऊ दे, बाकी सगळं जाऊ दे चुलीत.

वॉर्डात सलाईनचे स्टँड पुरत नव्हते, म्हणून घरचेच बाटली धरून उभे राहायचे. क्वेशंग सकाळपासून हात वर करून उभा होता, दुसऱ्या कुणाला धरू देत नव्हता. भिंतीवरच्या टीव्हीत सांगितलं की दूध गोळा करणाऱ्या केंद्रांवरच भेसळ व्हायची.

माझा मुलगा हायपो बापाकडे बघत राहिला. "बाबा, तुम्हीपण?"

"लोक पाणी घालून दूध आणायचे. यंत्र प्रथिनं कमी दाखवायचं, मग कंपनी टँकर परत पाठवायची. त्या रसायनाची पावडर घातली की प्रथिनं भरलेली दिसायची, दूध पास. सगळेच घालत होते रे."

"आणि घरात तोच डबा येतोय, ते दिसलं नाही?"

"मला वाटलं, महागाचा डबा चांगल्या दुधाचा असेल. आपलं दूध कुठेतरी शहरात जात असेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मुडद्या, शहरात काय पोरं नव्हती?"

त्यानं बाटली दुसऱ्या हातात घेतली, पण खाली येऊ दिली नाही.

तेवढ्यात दारात दोन पोलीस आले. "तुंग क्वेशंग कोण?"

हायपोनं बोट केलं. "हे. माझे वडील."

"एवढी बाटली संपू द्या," क्वेशंग म्हणाला. पोलीस थांबायला तयार होते.

"नाही, आत्ताच न्या," हायपो म्हणाला.

बाटली घ्यायला मी हात पुढे केला. लीफांगनं तो बाजूला सारला आणि बाटली स्वतः धरली.

"आई, तुम्हीही बाहेर जा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी व्हरांड्यात आले. जिन्यावरून उतरता उतरता क्वेशंग मागे वळला. "झाली का गं त्याला लघवी?"

हायपोनं माझ्यामागे वॉर्डाचं दार आतून लावून घेतलं होतं. मी त्याला काय सांगणार?