बस्त्याचे पॉइंट

यंत्राच्या बोटभर पडद्यावर एक गोल फिरत होता... फिरतच होता, आणि तो थांबेपर्यंत श्वास सोडायचा नाही असं जणू कोणी हर्षलला बजावून ठेवलं होतं. खाचेत खोचलेलं त्याचं निळं कार्ड अर्धं बाहेर होतं. त्यावर छापलेलं विमान मात्र नाकापासून पंखांपर्यंत आत गेलेलं, नुसती शेपटी तेवढी दिसत होती. होऊ दे, त्यानं मनात म्हटलं, एकदाचं होऊ दे — आणि लगेच ओशाळला, कारण असं तो परीक्षेच्या निकालाला म्हणायचा, आईच्या ऑपरेशनच्या वेळी म्हणाला होता, आणि आता साड्यांच्या बिलाला म्हणत होता.

गादीवर समोर तात्या बसले होते. भिमाजीतात्या, चांदवडकडचे, हर्षलच्या धाकट्या भावाचे, रुद्रचे होणारे सासरे. मांडीवर रुमाल, रुमालाची गाठ नुकतीच सुटलेली. बस्त्याचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करायचा असं सुपारीतच ठरलं होतं, आणि तात्यांनी आपला निम्मा रोख आणला होता. ती रोकड आता हर्षलच्या खिशात होती, मांडीला टोचत होती. "तात्या, पैसे माझ्याकडे द्या, सगळं बिल मी कार्डावर करतो, एवढी रक्कम घेऊन तुम्ही कुठे फिरता?" हे वाक्य त्यानं सकाळी आंघोळ करताना जुळवलं होतं. बोलताना ते इतकं मायेचं निघालं की क्षणभर त्याचं त्यालाच खरं वाटलं.

खरं असं होतं की उद्या कार्डाचं वर्ष संपत होतं. वर्षभरात चार लाखांचा खर्च झाला तर पाच हजारांची फी माफ, वर विमानाच्या एका तिकिटाचे पॉइंट. नाहीतर फी भरा. लाखभर कमी पडत होते. आपला निम्मा वाटा पुरणारा नव्हता... तात्यांचाही हवा होता. म्हणून तर पिंपळगावचं दुकान मोडलं. तात्यांच्या ओळखीचं, दोघांनाही मध्यावर पडणारं, भाव पाडून देणारं — पण कार्ड न घेणारं. "नाशकात व्हरायटी मिळते," असं हर्षल फोनवर म्हणाला, आणि तात्या बायकामाणसांना जीपमध्ये घालून मुकाट्यानं नाशकापर्यंत आले.

"बंदच करून टाका ना ते कार्ड," सायली सकाळी चहा गाळताना म्हणाली होती. "विमानात तुम्ही शेवटचं बसलात त्याला किती दिवस झाले?"

"आज बघू. आज ठरेलच, परवडतं की नाही ते."

परवडतं की नाही! कंपनीनं मीटिंगा मोबाइलवर घ्यायला सुरुवात केल्यापासून दिल्ली बंद, चेन्नई बंद. आणि तरी तो कार्डाला धरून होता, कारण — हे तो सायलीला कधी सांगू शकला नसता — एकदा मुंबईच्या विमानतळावर ह्याच कार्डावर त्याला आतल्या लाउंजमध्ये सोडलं होतं. काचेचं दार, मऊ खुर्ची, फुकटची इडली. त्यानं चार खाल्ल्या, भूक नसताना. दारावरच्या मुलीनं "वेलकम सर" म्हटलं होतं, आणि इंदिरानगरमधल्या दोन खोल्यांत परत आल्यावरही ते "सर" कितीतरी दिवस कानात राहिलं. त्या चार इडल्यांसाठी मी ह्या म्हाताऱ्याला इथवर ओढत आणलं... नाही, सायलीसाठी. सायली अजून विमानात बसलेली नाही. तिच्यासाठीच. पण हे वाक्य त्याच्याच कानांना सकाळच्या वाक्यासारखं मायेचं वाटलं.

आणि मघाशी ते दोन टक्के. "कार्डाला दोन टक्के जादा पडतील साहेब," दुकानदार सहज म्हणाला. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तात्या, ते माझं मी बघतो — एवढंच. तोंडात आलं होतं, पण त्याआधीच तात्यांनी रुमाल पुन्हा सोडला, हिशोब न विचारता आपल्या वाट्याचे चौदाशे मोजले आणि वर म्हणाले, "निम्मं म्हंजी निम्मं, भाऊ. त्यात काय!" त्यानं घेतले. हात पुढे झाला आणि घेतले. बस्त्यासाठी आलेल्या सगळ्या बायका बघत होत्या. नको म्हटलं असतं तर कार्ड कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

यंत्र वाजलं, कागद बाहेर आला. खिशातला फोन थरथरला. अभिनंदन, फी माफ. त्यानं संदेश दोनदा वाचला आणि आनंदाची वाट पाहिली. तो काही आला नाही.

तात्या तोवर फोनवर घरी सांगत होते, खेड्यातली माणसं बोलतात तसं, पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू जाईल असं. "आगं, लय चांगली मानसं हायेत! पैशाची जोखीम आपल्याला नाय घेऊ दिली, समदं भाऊंनी आंगावर घेतलं. बाप नाय तर बापाच्या जागी उभा ऱ्हायला बघ. पोरीला, वेदिकाला सांग, काळजी नाय."

हर्षल चपला शोधू लागला. कान तापले होते. सायलीनं त्याच्याकडे बघितलं, आणि तिला कळलंय हे त्याला कळलं. आत्ता सांगावं, हसत हसत सांगून टाकावं, चौदाशे परत करावेत...

"थांबा भाऊ," तात्या उठले. ढिगातली एक आमसुली साडी त्यांनी ओढून काढली — सायलीनं मघाशी हात फिरवून बाजूला ठेवलेली, बजेटबाहेरची — आणि तिच्या हातात दिली. "ही आमच्याकडनं, आमच्या लेकीच्या मोठ्या जावेला. नाय म्हनायचं नाय."

"अहो तात्या, नको, खरंच नको," सायली म्हणाली.

तात्यांनी रुमालात उरलेलं चाचपलं आणि दुकानदाराकडे वळले. दुकानदारानं यंत्र पुन्हा उचललं, हर्षलकडे बघून विचारलं, "हीपण कार्डावरच टाकू ना साहेब?"

इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. छातीत नुसतं जळत होतं. एवढं जळल्यावर बाकीचं सगळं आपोआप थांबेल अशी त्याची समजूत होती. पण लाज आणि हिशोब त्याच्या आत एकमेकांची अडचण न होता शेजारी शेजारी राहत होते, आणि नको म्हणायला त्यानं तोंड उघडलं तेव्हा त्या साडीचे पॉइंट त्याच्या मनात मोजूनही झाले होते.